ड्युअल बूट डेस्कटॉप: साडेपाच तासांनी चुकणारं घड्याळ आणि स्लीपमधून लगेच उठणारं मशीन (कामाच्या नोंदी)

मशीन: असेंबल केलेला डेस्कटॉप. रायझन ५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ६ जीबी मेमरीचं एनव्हिडिया कार्ड. ५०० जीबी एसएसडीवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट २२ शेजारी शेजारी, चालू करताना कोणतं हवं ते निवडायचं (ड्युअल बूट). १ टीबी हार्ड डिस्कवर दोन्हीकडून वापरायचं एक एनटीएफएस (विंडोजच्या फाइल पद्धतीचं) पार्टिशन, नाव 'डेटा'.

तक्रारी: एका सिस्टिममधून दुसरीत गेलं की घड्याळ चुकतं. काही दिवशी सकाळी ते कित्येक तास मागे पडलेलं असतं. लिनक्समध्ये स्लीपला टाकलं की मशीन काही सेकंदांत उठतं, आणि नीट झोपलंच तर उठल्यावर स्क्रीनवर रंगीत चौकटींचा गोंधळ. 'डेटा' पार्टिशन अधूनमधून फक्त वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही.

या तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्यामुळे कोणती आधी हातात घ्यायची याला महत्त्व आहे. आधी घड्याळ, मग शटडाउन, मग स्लीप. उलट क्रमाने गेलात तर स्लीपच्या चाचण्यांचे निकाल भरवशाचे राहत नाहीत. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि बहुतेक ठिकाणी छोट्या अक्षरांत जातील.

१४ जून २०२५, शनिवार: फक्त मोजमाप

आज काहीच बदललं नाही. किती चुकतंय आणि कोणत्या बाजूला, एवढंच पाहिलं. चुकीचा आकडाच बरंचसं निदान करतो:

– विंडोज बरोबर साडेपाच तास मागे, किंवा लिनक्स बरोबर साडेपाच तास पुढे: मदरबोर्डवरच्या घड्याळातली (आरटीसी) वेळ एक सिस्टिम स्थानिक समजते, दुसरी युटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे).
– साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा फरक: विंडोजचा टाइमझोन इन्स्टॉल करताना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचाच राहिला आहे. सेटिंगमध्ये 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' निवडा. लिनक्समध्ये 'एशिया/कोलकाता'.
– फरक दर वेळी वेगळा, आणि मशीन बराच वेळ बंद राहिल्यावरच: मदरबोर्डवरचा, हे घड्याळ चालू ठेवणारा सेल संपत आलाय.

पाहणी करण्याआधी नेटची केबल काढा आणि वायफाय बंद करा. नेट चालू असेल तर लॉगिन होईपर्यंत लिनक्स वेळ दुरुस्त करून मोकळं होतं, मग पाहायला काही उरत नाही.

केबल काढून विंडोजमधून लिनक्समध्ये आलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे ७:४० झाले होते. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' दिलं. त्यात स्थानिक वेळ १५ जून, रात्री १:१०, युनिव्हर्सल वेळ १९:४० आणि आरटीसीची वेळही १९:४०. म्हणजे विंडोजने आरटीसीत भारतीय वेळ लिहून ठेवली, लिनक्सने ती युटीसी समजून वर साडेपाच तास चढवले, तारीखही पुढची झाली.

मग उलट दिशेने. लिनक्समध्ये नेट जोडलं, वेळ जुळू दिली, केबल काढून विंडोजमध्ये गेलो. रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि विंडोज दुपारचे अडीच दाखवत होतं.

'कधी चुकतं, कधी चुकत नाही' असं अनेकांना वाटतं, त्याचा उलगडाही इथेच होतो. इंटरनेटवरून वेळ जुळली की लिनक्सचा कर्नल (गाभा) ती आरटीसीत लिहितो आणि पुढे साधारण दर ११ मिनिटांनी लिहीत राहतो. नेट नसेल तर आरटीसीला हातच लावत नाही. लिनक्स वापरताना नेट होतं की नव्हतं, यावर पुढे विंडोज काय दाखवेल हे ठरतं.

हा फरक डोळ्यांना खुपत नसला तरी घातक आहे. सहा आकडी ओटीपी देणारं ॲप त्याच मशीनवर असेल तर ते कोड चालत नाहीत, कारण ते अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या वेळेवर बांधलेले असतात. 'डेटा'वरच्या फाइलींना भविष्यातल्या वेळा लागतात, आणि 'नवी फाइल असेल तरच कॉपी कर' अशा बॅकअपमध्ये जुनी फाइल नवीवर चढते. बॅकअपचा हा प्रकार सर्वांत वाईट, कारण तो महिन्याभराने लक्षात येतो.

१५ जून, रविवार: घड्याळ कोणी कोणाच्या पद्धतीने वाचायचं

दोन मार्ग आहेत. सोपा आधी करून पाहिला: लिनक्सला स्थानिक वेळ वाचायला सांगणं. 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एवढी एकच कमांड. रीस्टार्ट केल्यावर दोन्हीकडे वेळ बरोबर. बूटच्या लॉगमध्ये ओळ दिसली की आरटीसी स्थानिक वेळेत आहे, ३३० मिनिटांचा फरक लावला. ३३० मिनिटं म्हणजे आपले साडेपाच तास.

तरी हा मार्ग सोडला. कारणं अशी: या सेटिंगमध्ये लिनक्सची वेळ जुळवणारी सेवा, 'सिस्टमडी-टाइमसिंकडी', आरटीसीत मुद्दामच काही लिहीत नाही. मदरबोर्डचं घड्याळ रोज थोडं थोडं सरकतं, ते सुधारण्याचं काम पूर्णपणे विंडोजवर येतं. जो महिनाभर लिनक्समध्येच राहतो त्याच्या आरटीसीकडे बघायला कोणी नाही. दुसरं, दुरुस्तीसाठी लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं की ते आरटीसी युटीसीत आहे असं धरून चालतं आणि नेट मिळताच युटीसी लिहून टाकतं. पुढच्या वेळी विंडोज पुन्हा साडेपाच तास मागे. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना तर हा मार्ग नकोच, तिथे वर्षातून दोनदा घड्याळ तासाने सरकतं, आणि आरटीसीतला तास एका सिस्टिमने सरकवला की नाही हे दुसरीला कळण्याची सोय नाही.

म्हणून दुसरा मार्ग: आरटीसीत कायम युटीसी, आणि विंडोजला तसं सांगायचं. क्रम जसाच्या तसा पाळा.

१. लिनक्समध्ये 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०'. नेट जोडा, वेळ जुळल्याची खात्री करा, मग 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी' देऊन ती आरटीसीत उतरवा. इटीसी फोल्डरमधल्या 'ॲडजटाइम' फाइलची तिसरी ओळ आता 'युटीसी' हवी. ती 'लोकल' असेल तर पहिली कमांड लागू झालेली नाही.

२. केबल काढून विंडोजमध्ये जा. ते साडेपाच तास मागे दिसेल, तसंच अपेक्षित आहे. हाताने दुरुस्त करू नका.

३. रेजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन. तिथे ३२ बिटांची नवी डीवर्ड नोंद: रिअल, टाइम, इज, युनिव्हर्सल हे चार शब्द मध्ये जागा न सोडता, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं. किंमत १. स्पेलिंग चुकलं तर विंडोज कुरकुर करत नाही, नोंदीकडे नुसतं दुर्लक्ष करतं. परिणाम दिसला नाही तर पहिल्यांदा स्पेलिंगच तपासा.

४. लगेच रीस्टार्ट. मध्येच वेळ सिंक करायचं बटण दाबू नका, नाहीतर आरटीसीत कोणत्या पद्धतीने काय लिहिलं गेलं हे समजेनासं होतं.

५. विंडोजमध्ये परत येऊन नेट जोडा, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डब्ल्यू३२टीएम /रीसिंक'. सेवा चालू नाही असा निरोप आला तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज टाइम' सुरू करा.

६. केबल काढून दोन्ही बाजूंनी फेरी मारा. दोन्हीकडे वेळ बरोबर आली की काम झालं.

इथून पुढे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) घड्याळ साडेपाच तास मागे दिसणार. घरातल्या कोणी 'चुकलंय' म्हणून ते तिथे दुरुस्त केलं तर दोन्ही सिस्टिम एकदम पुढे जातील. केसच्या आत एक चिठ्ठी चिकटवून ठेवली. बायोसमधल्या अलार्मने सकाळी साडेसहाला मशीन सुरू व्हायला हवं असेल तर आता तिथे रात्रीचा १:०० लिहायचा.

वेळ कुठून घ्यायची: भारतीय प्रमाणवेळ सांभाळते ती नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, तिचा एनटीपी (नेटवरून वेळ देणारा) सर्व्हर 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी'. घरच्या मशीनला डिस्ट्रोचा (लिनक्सच्या प्रकाराचा, इथे मिंटचा) नेहमीचा सर्व्हरही पुरतो. वसतिगृह किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर १२३ क्रमांकाचा यूडीपी पोर्ट बंद असेल तर मात्र कोणताच सर्व्हर उत्तर देणार नाही. 'टाइमडेटसीटीएल टाइमसिंक-स्टेटस' दिलं की ते स्पष्ट होतं.

१७ जून, मंगळवार: 'शट डाउन' म्हणजे खरंच शट डाउन

'डेटा' पार्टिशनवर लिहिता न येण्याचं कारण फास्ट स्टार्टअप. तो चालू असताना विंडोज शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो. पार्टिशन त्याच्या लेखी अजून वापरातच असतं. लिनक्सला ते दिसतं आणि ते लिहायला नकार देतं. नकार देतं हेच चांगलं आहे.

'रीस्टार्ट'ने मात्र विंडोज पूर्ण बंद होतं. त्यामुळे रीस्टार्ट करून लिनक्समध्ये येणाऱ्याला ही अडचण दिसत नाही, आणि रात्री शट डाउन करून सकाळी लिनक्स उघडणाऱ्याला रोज दिसते.

कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते. पण तेवढ्याने भागत नाही. डेस्कटॉपवर विंडोजचा हायब्रिड स्लीप असतो: मशीन झोपताना रॅममधलं सगळं डिस्कवरही लिहिलं जातं, म्हणजे वीज गेली तरी काम वाचावं. आता विचार करा. विंडोज झोपवलं, वीज गेली, आल्यावर मशीन चालू केलं आणि ग्रबच्या (सुरुवातीला सिस्टिम निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत लिनक्स निवडलं. विंडोजची पार्टिशनं गोठलेलीच आहेत. म्हणून थेट हायबरनेशनच (मेमरी डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करण्याची सोय) बंद केलं: ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. फास्ट स्टार्टअप, हायब्रिड स्लीप, हायबरनेट तिन्ही एकदम जातात, आणि 'हायबरफिल' नावाची फाइलही जाते. ती रॅमच्या साधारण ४० टक्के असते, इथे सहा जीबीच्या वर जागा सुटली.

त्याची किंमत अशी की विंडोज सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो (एसएसडीवर फार जाणवत नाही), आणि झोपेत असताना वीज गेली तर न साठवलेलं काम जातं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तिथे यूपीएस नसेल तर बुधवारी रात्री स्लीपवर विसंबू नये.

लिनक्समध्ये एनटीएफएस जोडताना गोठवलेली फाइल उडवून टाकणारा एक पर्याय मिळतो, 'रिमूव्ह_हायबरफाइल'. तो वापरू नका. विंडोजने न लिहिलेलं जे काही त्या फाइलीत असेल ते कायमचं जातं. लिनक्समधून बाहेर पडा, विंडोजमध्ये जा, रीस्टार्ट करा, परत या. पाच मिनिटं जातील, डेटा राहील.

१९ जून, गुरुवार: सेल

घड्याळाची दुरुस्ती टिकली आहे का हे पाहायला रात्री भिंतीवरचा स्विचही बंद केला होता. सकाळी केबल काढून लिनक्स चालू केलं तर वेळ जवळजवळ रात्री मशीन बंद केलं तीच.

इथे बरेच जण फसतात. प्लग चालू असतो तोवर आरटीसीला पॉवर सप्लायच्या ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइनवरून वीज मिळत राहते, सेल मेलेला असला तरी घड्याळ चालतं. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते, तिथेच सेल उघडा पडतो. शिवाय लिनक्स मूळ दोष झाकतं: 'टाइमसिंकडी' शेवटची ठाऊक असलेली वेळ डिस्कवर नोंदवून ठेवतं, आणि आरटीसी त्याच्या मागे गेलेली दिसली तर तीच नोंद वापरतं. त्यामुळे कारखान्याची जुनी तारीख दिसत नाही, 'काही तास मागे पडलंय' एवढंच वाटतं. म्हणून पॅनेलवरचं घड्याळ बघू नका. स्विच चालू केल्यावर सरळ बायोसमध्ये जा आणि तिथली तारीख वाचा. इथे ती कित्येक वर्षं मागची होती.

विंडोजची गोष्ट वेगळी. घरगुती मशीनवर त्याची टाइम सेवा १५ तासांपेक्षा मोठा फरक आपणहून दुरुस्त करत नाही. 'रीसिंक' दिलं तर बदल फार मोठा आहे म्हणून परत पाठवते. आधी तारीख-वेळ हाताने जवळपास लावायची, मग सिंक.

सेल सीआर २०३२: ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाड. जुना मल्टिमीटरवर २.४ व्होल्ट, नवा ३.२. खर्च चाळीस रुपये. खेळण्यांच्या दुकानात पाच सेलांची स्वस्त पट्टी मिळते, ती घेऊ नका. चांगल्या कंपनीचा, तारीख छापलेला एकच सेल घ्या.

बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सेल निघाला की सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. सर्वांत महत्त्वाचं साटा किंवा एनव्हीएमईचा मोड: एएचसीआय आणि रेड या डिस्क चालवण्याच्या दोन पद्धतींची अदलाबदल झाली तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं, आणि माणूस सेल सोडून डिस्क तपासत बसतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) आणि बूटचा क्रमही टिपून ठेवा. विंडोजमध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्या, सेटिंग बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.

बदलताना: प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, केसच्या धातूला हात लावा. या मदरबोर्डवर सेल ग्राफिक्स कार्डच्या खाली आहे, त्यामुळे कार्ड काढावं लागलं. क्लिप बाजूला सारली की सेल वर येतो. अधिक चिन्ह वरच्या बाजूला ठेवून नवा बसवला. बायोसमध्ये फोटो बघून सेटिंग भरली, वेळ युटीसीने लावली. रात्रभर स्विच बंद ठेवून सकाळी पाहिलं, काट्याला काटा.

२१ जून, शनिवार: झोपताक्षणी उठणं

लिनक्सच्या लॉगमध्ये ('जर्नलसीटीएल') 'सस्पेंड' शोधलं. 'पीएम: सस्पेंड एंट्री (डीप)' आणि 'पीएम: सस्पेंड एक्झिट' या दोन ओळींत पाच सेकंदांचंही अंतर नव्हतं. कंसातला 'डीप' महत्त्वाचा: मशीन खऱ्या एस३ झोपेत (फक्त रॅमला वीज मिळते अशा खोल झोपेत) जायचा प्रयत्न करतंय, फक्त कोणीतरी त्याला लगेच उठवतंय.

कोण उठवू शकतं याची यादी 'प्रॉक' फोल्डरातल्या 'एसीपीआय'मध्ये 'वेकअप' फाइलीत असते. चार रकाने: उपकरण, झोपेची पातळी, चालू की बंद, आणि पत्ता. इथे चालू दिसत होते जीपीपी०, आणखी एक जीपीपी आणि यूएसबीचे दोन कंट्रोलर.

या फाइलीची एक खोड ध्यानात ठेवा. तिच्यात उपकरणाचं नाव लिहिलं की स्थिती उलटते. बंद करायचं म्हणून तेच नाव दोनदा लिहिलंत तर ते परत चालू. प्रत्येक बदलानंतर फाइल पुन्हा वाचा.

सगळी बंद केली, मशीन झोपलं आणि झोपलेलं राहिलं. मग एकेक चालू करत चाचणी. त्यासाठी ही कमांड फार कामाची: 'सुडो आरटीसीवेक -एम मेम -एस १२०'. मशीन झोपतं आणि दोन मिनिटांनी आरटीसीच्या अलार्मने आपोआप उठतं. दोन मिनिटांच्या आत उठलं तर दोषी सापडला. पंखे थांबले का आणि पॉवरचा दिवा लुकलुकतोय का हेही पाहा. नुसती स्क्रीन काळी होणं म्हणजे झोप नाही. 'आरटीसीवेक' त्याच 'ॲडजटाइम' फाइलीवरून आरटीसीची पद्धत ठरवतं, घड्याळ आधी लावायचं ते यासाठीही.

दोषी निघालं जीपीपी०, ग्राफिक्स कार्ड ज्यावर बसतं तो पीसीआय एक्सप्रेसचा पोर्ट. त्याला जागं करण्याची परवानगी काढून घेतल्याने काही बिघडत नाही. कीबोर्डने उठवायचं काम यूएसबी कंट्रोलर करतात, आणि पॉवरचं बटण कायम चालतं. यूएसबी कंट्रोलर मात्र सरसकट बंद करू नका.

रीस्टार्टनंतर ही फाइल मूळपदावर येते. बूटच्या वेळी नाव लिहिणारी छोटी स्क्रिप्ट बरेच जण टाकतात, पण ती चुकून दोनदा चालली की उलटा परिणाम होतो. त्याऐवजी यूडेव्हचा (उपकरणं ओळखून त्यांना सेटिंग लावणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम: इटीसीतल्या 'यूडेव्ह/रूल्स.डी'मध्ये एक फाइल, तिच्यात एक ओळ. कृती 'ॲड', सबसिस्टिम 'पीसीआय', कर्नल नाव यादीतला पत्ता (इथे ००००:००:०१.१), आणि 'पॉवर/वेकअप' या गुणाची किंमत 'डिसेबल्ड'. इथे उलटापालट नाही, किंमत ठरलेली. नवा एसएसडी बसवला किंवा बायोस अपडेट केलं तर पत्ता बदलू शकतो. पुन्हा त्रास सुरू झाला तर पहिल्यांदा तेच बघा.

उरला ऑप्टिकल माउस. टेबलाला धक्का लागला तरी मशीन उठायचं. त्या एका यूएसबी उपकरणाची 'पॉवर/वेकअप' बंद केली, कीबोर्डची ठेवली. विंडोजमध्ये हेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर.

विंडोज रात्री आपोआप उठत असेल तर तीन कमांड: 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' शेवटी कोणी उठवलं ते सांगते, '/वेकटाइमर्स' पुढे कोण उठवणार आहे ते, आणि '/डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड' कोणाला परवानगी आहे ते. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात वेक टाइमर्स बंद करा. हायबरनेशन चालू असलेल्या मशीनवर याचा विचित्र परिणाम होतो: विंडोज आपल्या कामासाठी मशीन उठवतं, पण हायबरनेटमधून उठताना आधी ग्रब येतो, ग्रबची पहिली निवड लिनक्स असते, आणि मशीन रात्रभर लिनक्सच्या लॉगिनवर जागं बसतं.

२२ जून, रविवार: उठल्यावर बिघडलेलं चित्र

एस३ झोपेत ग्राफिक्स कार्डची मेमरी पुसली जाते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये तिचा काही भागच जपून ठेवतो, बाकीचा ज्या त्या प्रोग्रॅमने नव्याने भरावा अशी अपेक्षा. ब्राउझर आणि डेस्कटॉप ते नेहमी करतातच असं नाही, म्हणून त्या रंगीत चौकटी.

उपाय: ड्रायव्हरच्या सेटिंगच्या 'मॉडप्रोब.डी' फोल्डरातल्या फाइलीत 'एनव्हीरेग_प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीॲलोकेशन्स' ची किंमत १, आणि 'एनव्हीरेग_टेम्पररीफाइलपाथ' म्हणून 'व्हार' मधलं 'टीएमपी'. झोपताना कार्डची सगळी मेमरी तिथे लिहिली जाते, म्हणजे ६ जीबीच्या कार्डला तिथे सहापेक्षा थोडी जास्तच जागा मोकळी हवी. नुसतं 'टीएमपी' देऊ नका, काही डिस्ट्रोंमध्ये ते रॅममध्ये असतं आणि तिथे जागा पुरत नाही. मग 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' आणि रीस्टार्ट. 'एनव्हिडिया-सस्पेंड' आणि 'एनव्हिडिया-रिझ्यूम' या सेवा 'सिस्टमसीटीएल'मध्ये सुरू असायला हव्यात. सेवा बंद आणि पर्याय चालू असेल तर मशीन झोपायलाच नकार देतं.

'प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया' मधली 'पॅराम्स' फाइल वाचून किंमत १ लागल्याची खात्री केली. नंतरच्या चाचण्यांत चित्र दर वेळी स्वच्छ. झोपायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात, कारण एसएसडीवर लिहिणं चालू असतं.

२८ जून, शनिवार: लिनक्सचा हायबरनेट

स्वॅप पार्टिशन (मेमरीतलं सामान डिस्कवर ठेवायची जागा) रॅमएवढं करून, ग्रबमध्ये 'रिझ्यूम' लिहून चालतो का ते पाहिलं. चालतो. तरी काढून टाकला.

लिनक्स गोठवून ठेवलंय आणि मधल्या वेळेत विंडोजने 'डेटा'वर काही लिहिलं. लिनक्स जागं होतं तेव्हा त्या पार्टिशनचं जुनं चित्र त्याच्या मेमरीत असतं, ते त्याच समजुतीने लिहायला लागतं आणि फाइल सिस्टिम फाटते. पार्टिशन हायबरनेटआधी वेगळं केलं तर हे टळतं, पण रोज आठवणीने करायच्या गोष्टीवर डेटा टांगून ठेवू नये. घड्याळाचाही यात भाग आहे: झोपेत किती वेळ गेला हे लिनक्स आरटीसीतल्या फरकावरून काढतं. मध्ये विंडोजने आरटीसीत स्थानिक वेळ लिहिली असेल तर वीस मिनिटांची झोप पाच तास पन्नास मिनिटांची ठरते. १५ जूनच्या दुरुस्तीने तो भाग सुटलाय, पार्टिशनचा सुटत नाही. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर तर बहुतेक डिस्ट्रो हायबरनेट करूच देत नाहीत.

इथला नियम ठरला: एकाच सिस्टिममध्ये परतायचं असेल तर स्लीप, सिस्टिम बदलायची असेल तर पूर्ण शट डाउन.

५ जुलै, शनिवार: शेजारचा लॅपटॉप

हीच यादी एका इंटेल लॅपटॉपवर चालवली. घड्याळ आणि फास्ट स्टार्टअप जसंच्या तसं लागू पडलं. स्लीप मात्र वेगळी गोष्ट. 'सिस/पॉवर' मधल्या 'मेम_स्लीप' फाइलीत फक्त 'एस२आयडल' (एस३पेक्षा हलकी झोप). विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी /ए' दिलं तर एस० लो पॉवर आयडल (हीच हलकी झोप, विंडोजच्या भाषेत) उपलब्ध, एस३ नाही. फाइलीत 'डीप' हा शब्दच नसेल तर ग्रबमध्ये 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप' लिहून काही होणार नाही. दोन्ही दिसत असतील तरच तो पर्याय आहे.

काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये झोपेचा प्रकार बदलता येतो. ड्युअल बूटवर तिथे हात घालण्याआधी थांबा: इन्स्टॉल झालेल्या विंडोजखालून एस० काढून एस३ लावणं मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, त्यासाठी विंडोज नव्याने टाकावं लागतं. लिनक्सची झोप सुधारायला जाऊन विंडोज हातचं जाऊ शकतं.

म्हणून 'एस२आयडल'च ठेवलं आणि बॅटरी कुठे जाते ते शोधलं. डीबग फोल्डरातल्या 'पीएमसी_कोर' मध्ये 'एसएलपी_एस०_रेसिडेन्सी_यूसेक' हा आकडा झोपण्याआधी आणि उठल्यावर वाचा. तो वाढलाच नसेल तर चिप खोल झोपेत गेलीच नाही. इथे तो हलत नव्हता. एकेक उपकरण काढत गेल्यावर वायरलेस माउसचा रिसीव्हर काढताच आकडा वाढू लागला. आता लॅपटॉप झाकण्याआधी तो काढला जातो.

१२ जुलै, शनिवार: विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर

अपडेटनंतर ही तपासणी करून पाहिली, दहा मिनिटांत होते. 'पॉवरसीएफजी /ए' मध्ये हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप उपलब्ध नाहीत असंच दिसतंय ना. रेजिस्ट्रीतली नोंद जागेवर आहे ना. केबल काढून दोन्हीकडे घड्याळ बरोबर आहे ना. लिनक्समध्ये 'वेकअप' फाइलीत जीपीपी० बंद आहे ना, आणि कर्नल बदलला असेल तर 'पॅराम्स'मध्ये १ आहे ना.

सगळं जागेवर होतं. मशीन चालू केल्यावर मात्र ग्रबचा मेनू न येता थेट विंडोज सुरू होत होतं, कारण अपडेटने बायोसमधला बूटचा क्रम बदलून विंडोजचा बूट मॅनेजर वर नेला. बायोसमध्ये जाऊन लिनक्सची नोंद परत वर आणली. तिथे असतानाच घड्याळाकडे नजर टाकली: साडेपाच तास मागे, म्हणजे बरोबर.